जिभेखाली

गाद्यांच्या दुकानात, दुसऱ्या मजल्यावर, चार गिऱ्हाइकांच्या देखत त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि बायकोनं पर्समधून स्प्रे काढून तोंडापाशी धरला, तेव्हा त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं. 'आ करा,' ती म्हणाली. लहान मुलाला औषध पाजताना म्हणतात तसं, साध्या आवाजात. त्यानं मान दुसरीकडे वळवली. लिफ्ट बंद होती म्हणून ते जिन्यानं आले होते. ती म्हणाली होती, सावकाश चढू, घाई कसली आहे. पण आज सकाळपासून त्याच्या अंगात वारं भरलं होतं. तिला मागे टाकून एकेक पायरी गाळत तो वर आला होता आणि वरून वाकून 'काय, दमलात का बाईसाहेब?' असं विचारलंही होतं. ते विचारतानाच कुणीतरी छातीच्या मधोमध भिजलेला जाड टॉवेल पिळायला घेतला. आधी हलका पीळ, मग आणखी एक. डाव्या दंडाच्या आतून काहीतरी जड खाली उतरू लागलं, खालचा जबडा ठणकायला लागला. जवळची पहिली गादी दिसली तिच्यावर तो बसला. गादीवरचं प्लॅस्टिक कर्रकन वाजलं. विक्रेता, जो स्प्रिंगा कशा वेगवेगळ्या हलतात ते सांगायला पुढे सरसावला होता, तो वाक्य अर्धवट टाकून तसाच उभा राहिला. 'अहो, आ करा ना,' ती पुन्हा म्हणाली. 'जीभ वर करा.' त्यानं मान हलवली. बसलोय, थांबेल आता, असं काहीतरी दात न उघडता तो पुटपुटला. थांबतं बसल्यावर, नेहमी थांबतं. आणि आज नाही थांबलं तर हे जिभेखाली मारता येणार नाही, कारण काल रात्रीची ती गोळी अजून रक्तात असणार, हे त्या दुकानात फक्त त्याला ठाऊक होतं.

हे त्याला डॉक्टरणीनंच सांगितलं होतं. ती त्याची विद्यार्थिनी. पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर तो शिक्षक होता आणि ती तिथे सहा-सात वर्षांची असताना आली होती. पाण्यात उतरायच्या नावानं किंचाळणारी, काडीसारखे पाय असलेली मुलगी. त्यानं पोटाखाली एक हात धरून तिला तरंगायला शिकवलं होतं. आता ती हृदयाची मोठी डॉक्टर होती, केसांत एक पांढरी बटही होती, आणि तरी तो आत शिरला की खुर्चीवरून उठून 'या सर' म्हणायची. बायको शेजारी बसलेली. 'घाबरायचं काही नाही सर,' तिनं सांगितलं होतं. 'हा झटका नाही. याला स्टेबल अंजायना म्हणतात. स्टेबल म्हणजे काय, तर ठराविक कष्ट केले की दुखणार आणि थांबलात की थांबणार. तुमचं हृदय तुम्हाला मर्यादा सांगतंय.' मग तिनं औषधं समजावून दिली, तो कधी काळी हातपाय कसे मारायचे ते समजावून द्यायचा तशी, घाई न करता. रक्त पातळ ठेवणारी एक, कोलेस्टेरॉलची एक. नाडी सावकाश करणारी एक, म्हणजे हृदयाला कमी धावावं लागेल. आणि दुखलंच तर हा स्प्रे. आधी खाली बसायचं, मग जिभेखाली एकदा मारायचा, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा एकदा, आणि तरीही थांबलं नाही तर रुग्णवाहिका. 'यातलं कुठलं सोसत नसेल तर बदलता येतं सर. एक नाही तर दुसरं, दोन मिळूनही देतात, त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पण कुठल्या पायरीवर जायचं हे तुम्ही मला काय सांगता त्यावरून ठरणार.' तो मान डोलावत राहिला. बायको मन लावून ऐकत होती; सरकारी कचेरीत चौकशीच्या खिडकीवर तिची वीस-बावीस वर्षं गेली होती, कुठली माहिती कुठे उपयोगी पडेल ते तिला नेमकं कळायचं. मग डॉक्टरणीनं संगणकाकडे तोंड वळवलं आणि कीबोर्डवर काहीतरी दाबत विचारलं, 'आणि सर, हे सगळ्यांनाच विचारावं लागतं. ते... तसल्या गोळ्या वगैरे काही घेत नाही ना? पुरुष घेतात तशा? कारण त्यांच्यावर हा स्प्रे अजिबात चालत नाही. रक्तदाब एकदम कोसळतो.' 'छे छे!' तो म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं. तिघंही हसली. आणि तेव्हा ते खरं होतं.

म्हणजे तेव्हा तो खोटं बोलला नव्हता. गादीवर बसून, छातीत पीळ सोसत, त्यानं हे स्वतःला दोनदा बजावलं, जणू समोर कुणी न्यायाधीश बसला होता. खोटं नंतर सुरू झालं, आणि तेही खोटं नव्हतंच, नुसतं न सांगणं होतं. विक्रेत्यानं कुठूनतरी टेबलफॅन ओढत आणला. गार वारा थेट चेहऱ्यावर आला आणि कपाळावरचा घाम थंडगार झाला. पलीकडच्या गादीवर एक जाडजूड बाई चपला काढून उताण्या पडून गादी तपासत होत्या, त्या उठून बसल्या. 'दातखीळ बसली की काय हो?' त्यांनी त्याच्या बायकोला विचारलं. 'नाही, मुद्दाम करतायत,' बायको म्हणाली. तिचा आवाज चिरकला. 'हट्ट आहे हो नुसता. आयुष्यभर माझी तब्येत माझी तब्येत म्हणून मिरवलं ना, त्यामुळे औषध घ्यायचं म्हणजे कमीपणा वाटतो.' हे त्याला लागलं, कारण ते खरं असायला हवं होतं. औषधाची लाज वाटणं किती बरं असतं. त्या लाजेवर लोक प्रेमानं ओरडतात. आयुष्य उघड्या अंगानं गेलं होतं त्याचं. वीतभर कपड्यात शेकडो मुलांच्या आयांसमोर तलावाच्या काठावर उभं राहून सूचना दिल्या होत्या, आणि लाज म्हणजे काय ते कधी कळलं नव्हतं. शरीर म्हणजे त्याचं ओळखपत्र होतं. ते दाखवलं की पुढचं कुणी विचारत नसे.

लग्नही त्यामुळेच झालं. पन्नाशी उलटेपर्यंत तो एकटाच होता, आणि ती नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, बायकांच्या सकाळच्या वर्गाला पोहायला शिकायला आली होती. पहिला आठवडाभर तिनं भिंत सोडली नाही. 'सोडा आता,' तो म्हणायचा. 'सोडते, सोडते, तुम्ही आधी तिकडे बघा,' ती म्हणायची. एक दिवस त्यानं खरंच पाठ फिरवली, आणि वळून पाहिलं तर ती तलावाच्या मधे, धापा टाकत, नाकातोंडात पाणी जात असताना हसत होती. त्या हसण्याशी त्यानं लग्न केलं. लग्नानंतरची दोन-अडीच वर्षं अशी गेली की आपल्याला हे आधी कुणी सांगितलं कसं नाही याचं त्याला नवल वाटायचं. मग छातीचं निघालं. नाडी सावकाश करणारी गोळी सुरू झाली आणि छाती शांत झाली. महिन्याभरात बाकीचंही सगळं शांत झालं. पहिल्यांदा झालं तेव्हा दोघांनी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा तो दमलोय म्हणाला. त्यानंतर एकदा, काहीच जमेना तेव्हा, तिनं कुशीवर वळून त्याची पाठ थोपटली आणि म्हणाली, 'झोपा.' ते थोपटणं त्याला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. तेव्हापासून तो तिच्याआधी झोपून जायला लागला, किंवा झोपल्याचं दाखवायला. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद उघडून त्यानं भिंगानं वाचला. त्यात तो परिणाम छापलेलाच होता, डोकेदुखी आणि थंड पडणारे हातपाय यांच्या रांगेत, मुकाट्यानं. डॉक्टरणीला एक फोन केला असता तर गोळी बदलून मिळाली असती. त्यानं फोन हातात घेतलाही. पण डोळ्यांपुढे काडीसारखे पाय पाण्यात मारणारी ती मुलगी यायची, आणि तिला हे कुठल्या शब्दांत सांगायचं तेच सुचायचं नाही. असे शब्द त्याच्याकडे नव्हतेच. जे होते ते एकतर शिव्यांमधले होते किंवा शास्त्राच्या पुस्तकातले.

म्हणून मग क्लोरीन. तलावाच्या पाण्याची देखभाल करणारा त्याचा जुना सोबती. त्याच्या अंगाला कायम तो वास यायचा, म्हणून सगळे त्याला त्याच नावानं हाक मारायचे. तो या विषयावर बोलायला कधी लाजला नव्हता. पंपाच्या खोलीत यंत्राच्या घरघरीत त्यानं क्लोरीनला विचारलं, 'माझ्या एका मित्राला जरा...' क्लोरीननं डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, 'मित्राला सांगा, आधी अर्धीच घ्या म्हणावं. आणि जेवण हलकं.' दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळलेली पट्टी त्याच्या टेबलाच्या खणात होती. ती त्यानं आठवडाभर तिथेच ठेवली. डॉक्टरणीचं वाक्य त्याला पाठ होतं; पण दुखणार तर चढावर, आणि ते पलंगावर कसं दुखेल, असा हिशेब त्यानं मांडला. स्प्रे लागतोच कधी? मग काल रात्री त्यानं दात घासताना अर्धी गोळी घेतली. आणि आज सकाळी ती चहा करताना गुणगुणत होती. एरवी ती सकाळी कुणाशी बोलत नाही. कप पुढे ठेवताना म्हणाली, 'आज रविवार आहे, नवी गादी बघून येऊ या का? आपली मधे खचलीय. दोघंही त्या खळग्यात घरंगळतो.' आणि स्वतःच लाजली. या वयात लाजली. तिनं कपाटातली निळी साडी काढली, कानात काहीतरी घातलं, घराचा जिना उतरताना त्याचा दंड धरला. तिचा तो चेहरा बघून त्याला वाटलं होतं की हे आपण केलं. आणि लगेच, आतून, कुणीतरी हळूच म्हणालं होतं, अर्ध्या गोळीनं केलं.

पीळ कमी होत नव्हता. बसूनही होत नव्हता. तिनं घड्याळाकडे बघितलं. 'आता बस्स झालं हं,' ती म्हणाली, आणि एका हातानं त्याची हनुवटी धरली. 'काका, घ्या ना, बायको एवढी सांगतेय,' विक्रेता म्हणाला. जाड्या बाई तर येऊन शेजारीच बसल्या होत्या. 'आमच्या ह्यांना हेच दिलं होतं, एका मिनिटात बरं वाटलं,' त्या म्हणाल्या. पलीकडे एक नवं लग्न झालेलं जोडपं, एकमेकांचा हात धरून, गोठल्यासारखं बघत होतं. बायकोचा चेहरा त्याच्या अगदी जवळ होता, कानातलं हलत होतं. सांगायला हवं, त्याला कळत होतं. एकच वाक्य. पण ते वाक्य या बाईंसमोर, या पोरसवदा विक्रेत्यासमोर, त्या हात धरलेल्या दोघांसमोर म्हणायचं, आणि तिच्या चेहऱ्यावरची सकाळ आपल्या तोंडानं पुसून टाकायची. त्यापेक्षा होऊ दे काय व्हायचं ते. हा विचार इतका सहज आला की तो विचार आहे हेही कळलं नाही. कदाचित काही होणारही नाही. अर्धीच तर घेतली होती. रात्र उलटून दुपार झाली. आणि झालंच, तर लोक म्हणतील हृदयविकारानं गेला. चांगलं मरण आहे ते, इज्जतीचं. त्यानं तोंड उघडलं. जीभ वर केली. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि स्प्रेची नळी आत आणली. नळी त्याच्या दातावर टिकटिक वाजली. तो एवढासा आवाज त्यानं ऐकला आणि त्याचा हात उठला, त्यानं तिचं मनगट पकडलं.

'नको,' तो म्हणाला. 'काल गोळी घेतली.'

'रोजच घेता की. त्याचं काय?'

'ती नाही.' त्याला श्वास पुरत नव्हता. 'दुसरी. रात्री. ती डॉक्टरणीनं विचारलेली.'

मग कळलं तिला. कळताना तिच्या चेहऱ्याचं काय झालं ते त्यानं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. जाड्या बाई 'अगंबाई' म्हणाल्या आणि उगाच पदर सारखा करायला लागल्या. विक्रेत्यानं पंख्याची दिशा बदलली, काहीच कारण नसताना. डोळे मिटल्यावर त्याला तिचा आवाज ऐकू आला, फोनवरचा, कचेरीतल्या चौकशीच्या खिडकीवर वापरते तो, कोरडा आणि स्वच्छ. हो, अंजायनाचा त्रास आहे. हो, बसवलंय. नाही, स्प्रे दिलेला नाही. का म्हणजे, काल रात्री त्यांनी ती गोळी घेतलीय. हो, तीच. 'किती घेतली?' तिनं त्याला विचारलं. 'अर्धी.' 'अर्धी,' तिनं फोनवर सांगितलं. 'किती वाजता?' 'झोपण्याआधी.' 'झोपण्याआधी.' मग पत्ता, मजला, लिफ्ट बंद आहे. एकही शब्द तिनं गाळला नाही आणि एकही शब्द हळू उच्चारला नाही.

त्याला खुर्चीत बांधून दोन माणसांनी जिन्यावरून खाली नेलं. खाली उतरताना जिन्यातली माणसं भिंतीला टेकून वाट देत होती, आणि त्याला वाटत होतं की सगळ्यांना ठाऊक आहे. रुग्णवाहिकेतल्या बाईनं मोठ्यानं, त्याच्या कानापाशी येऊन, तेच सगळं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं नसतं हे त्याला कळलं. इस्पितळात पोहोचेपर्यंत पीळ सैल पडला होता. कार्डिओग्राम काढले, रक्त घेतलं, बाटली लावली. संध्याकाळी डॉक्टरणी आली. घरून आली असावी, पायांत साध्या सपाता होत्या. झटका नव्हता, तिनं सांगितलं, पण रात्रभर लक्ष ठेवावं लागेल. बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. 'सर, त्या गोळीवर स्प्रे मारला असता ना, तर तुम्ही कदाचित त्या गादीवरून उठला नसतात.' तो छताकडे बघत होता. मला सांगायला हवं होतंत सर, असं ती म्हणेल आणि आपण काय उत्तर द्यायचं याची तो जुळवाजुळव करत होता. पण ती म्हणाली, 'माझं चुकलं. मी विचारलं, पण नीट विचारलं नाही. बाकीच्यांना मी समोर बघून विचारते. तुम्हाला विचारताना मी कीबोर्डवर उगाच काहीतरी टाइप करत होते, काय ते आजही आठवत नाही. तुम्ही सर ना.' तिचे कान लाल झाले होते. 'ती नाडीची गोळी आपण बदलू. दुसऱ्या गटातलं औषध आहे, त्यानं हा त्रास सहसा होत नाही. आणि बाकीच्याचं काय करायचं तेही बोलू. बोलता येतं सर त्याबद्दल.' ती गेली. त्याची लाज कमी व्हायला हवी होती, पण ती उलट वाढली. डॉक्टरणीच्या लाल कानांची तिच्यात भर पडली.

बायको खुर्ची ओढून बसली. खोलीत दुसरा पलंग होता, त्यावर एक म्हातारे गृहस्थ कानाशी छोटा रेडिओ धरून पडले होते. ती बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. 'माझ्या हातून झालं असतं,' ती शेवटी म्हणाली. 'माझ्या या हातानं. आणि मला आयुष्यात कळलं नसतं. मी लोकांना सांगत सुटले असते, की दिलं हो मी औषध वेळेवर, पण नाही उपयोग झाला.' तिनं हात मांडीखाली दाबून ठेवला. 'नशीब, शेवटी बोलायला तोंड उघडलंत.'

इथे त्याला गप्प बसता आलं असतं. तिनंच दार उघडून दिलं होतं आणि कुणीच कधी विचारणार नव्हतं. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. त्यानं ते वाक्य संपेपर्यंत ऐकलं.

'बोलायला नव्हतं उघडलं,' तो म्हणाला.

तिला आधी समजलं नाही. मग समजलं. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. 'माणसं कशाकशानं मरतात,' ती म्हणाली, आवाज दबलेला पण थरथरणारा, 'आणि तुम्ही कशानं मरणार होतात, हो? लाजेनं? त्या गादीवाल्या बाईच्या लाजेनं? आणि तेही माझ्या हातून?'

'तिच्या नाही. तुझ्या,' तो म्हणाला. 'तुला इतकं बरं वाटलं होतं सकाळी. म्हटलं, ते आपलं नव्हतंच हे तुला कशाला...'

'मला बरं का वाटलं होतं ठाऊक आहे?' ती खुर्चीत बसली. राग एकदम कुठेतरी गेला आणि चेहरा थकलेला, वयाचा दिसायला लागला. 'इतके महिने तुम्ही माझ्याआधी झोपायचात. तोंड फिरवून. मला वाटायचं, यांना आता आपल्याकडे बघवत नाही. वय झालं, पोट सुटलं, आधी एक संसार करून आलेली बाई. कुणाला विचारणार? मी तर तुमची पाठ थोपटायला जायचे तीसुद्धा भीत भीत, झिडकाराल म्हणून. काल वाटलं, नाही, अजून आहे आपल्यात काहीतरी.' ती हसल्यासारखी झाली. 'ही साडी बघा, दोन वर्षांनी नेसले.'

एवढ्या महिन्यांत ही गोष्ट एकदाही त्याच्या मनात आली नव्हती. अंधारात एका पलंगावर, एकमेकांकडे पाठ करून, दोघंही आपापली लाज पोटाशी धरून झोपत होती, आणि त्याला वाटत होतं की लाजेवर फक्त त्याचीच मालकी आहे. दुपारपासूनची सगळी लाज, दुकानातली, जिन्यातली, डॉक्टरणीसमोरची, यापुढे फुटकळ होती. तिची माफी मागावी असं वाटलं, पण माफी म्हणजे पुन्हा एक झाकण झालं असतं. ती 'असू दे' म्हणाली असती आणि विषय मिटला असता.

'दुसऱ्यांदा झालं ना,' त्यानं सुरुवात केली, 'तेव्हा मी तुला दमलोय म्हणालो. नव्हतो दमलो.' शब्द सापडत नव्हते; जे सापडले ते ओबडधोबड होते, पंपाच्या खोलीतले होते, ते त्यानं तसेच वापरले. शेजारच्या पलंगावरच्या गृहस्थांनी रेडिओ बंद केला आणि हळूच या कुशीवर वळून कान दिला. त्याला ते दिसलं. त्यानं आवाज खाली आणला नाही.